अर्धी टाकी

गाडीच्या पेट्रोल-मीटरच्या काचेच्या नळीतला लाल द्रव अर्ध्यावर चढला होता. ड्रायव्हर गजेंद्रनं एक नजर नळीवर टाकली, एक बन्सीलालवर.

"अर्धी टाकी आहे, काका. निघू ना?"

बन्सीलालनं नुसती मान हलवली. काल संध्याकाळी त्यानं स्वतः पट्टी बुडवून पाहिली होती. टाकी जवळजवळ कोरडी होती.

गाडी शेठची, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची, हौसेनं सांभाळलेली. तिला उन्हाळ्यात पेट्रोलचं कोणतं मीटर चालेल ते बघायचं काम शेठनं गेल्या वैशाखात बन्सीलाल मिस्त्रीवर सोपवलं होतं. पांडेसरा भागातल्या एका उघड्या आवारात, भर दुपारी, त्यानं तीन तऱ्हांची मीटरं जोडून पाहिली. तो पट्टीनं खरं पेट्रोल मोजायचा आणि लेक वर्षा डोक्यावर ओढणी घेऊन वहीत आकडे लिहायची. तरंगत्या बुचावर चालणारे दोन काटे प्रामाणिक निघाले. ही नळी मात्र पक्की लबाड. ऊन तापलं की आतली हवा फुगायची, द्रव वर चढायचा आणि रिकामी टाकी अर्धी दिसायची. पण शेठला त्या लाल रंगाची भुरळ पडली. त्यांनी तीच बसवून घेतली.

आजही तसंच ऊन होतं, आणि शेठनं पाठवणीसाठी दिलेल्या त्याच गाडीत वर्षा नवऱ्याशेजारी नवरी होऊन बसली होती. ती लहान असतानाच तिची आई गेली. प्लेगच्या साली अख्खी लिंबायत वस्ती गाठोडी घेऊन पळाली, तेव्हाही ह्या पोरीनं बापाचा हात सोडला नव्हता. आता उधना स्टेशनावरून दुपारची पॅसेंजर पकडून ती नंदुरबारला सासरी जाणार. गाडी वाटेत बंद पडली, पॅसेंजर चुकली, तर आजचा दिवस तरी लेक घरी राहील. बन्सीलालला एवढंच हवं होतं. आपण पोरीच्या पाठवणीत बिब्बा घालतोय हे त्याला कळत होतं, आणि तरीही तो गप्प राहिला.

"बाबा, येस मी," म्हणत वर्षानं निरोप घेतला. तिनं वळून पाहिलं नाही.

गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसेनाशी झाली. बन्सीलालनं डोळे पुसले आणि शेजारच्या इंदुबाईला हाक मारली.

"वहिनी, सांजले वर्षानी भाकर बी टाकजो."

वर्षाचीही भाकर म्हटल्यावर इंदुबाई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. लेक गेली आणि ह्याला भ्रम झाला, असं तिला वाटलं.

बन्सीलालनं माठ भरला. वर्षाचं अंथरूण उन्हात टाकलं. कुठं हॉर्न वाजला की तो दारात धावायचा. चार वाजता गाडी आली. आत गजेंद्र एकटाच.

"बंद नाही पडली?" बन्सीलालच्या तोंडून निघून गेलं.

"कशी पडेल, काका? ताईनं सकाळीच पाच लिटर टाकायला लावलं." गजेंद्रला त्याच्याकडे बघवेना. "मी म्हटलं, काका बघतील की. तर म्हणाली, बाबा आज मुद्दाम बघणार नाहीत. आणि गाडी एकदा थांबली, तर मग माझ्याच्यानं जाववणार नाही."