किरमिजी ज्योत

चौथा थेंब पडला, तरी परीक्षानळीतलं द्रावण निवळशंखच राहिलं. पिवळा साका नाही. म्हणजे शिसं नाही. आर्सेनिक तर मघाशीच बाद झालं होतं.

"सर, कुठलं पाणी आहे हे?" प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं. सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी कॉलेजात त्यांना कोणी अडवत नसे.

"विहिरीचं," सर म्हणाले.

पाणी त्यांच्या लेकीच्या पेल्यातलं होतं.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर ते महिनाभर लेकीकडे राहायला आले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मनात पाल चुकचुकली. जावई रोज सकाळी पाठमोरा उभा राहून चमच्याखाली काहीतरी चुरडायचा, पेल्यात ढवळायचा आणि लेक शेवटचा घोट घेईपर्यंत तिच्यासमोरून हलायचा नाही. "उन्हाळा आहे ना बाबा, मीठ-साखर देतो," म्हणाला होता. मीठ-साखर कोणी चुरडतं का? लेकीचे हात थरथरत. दिवसभर ती घटाघटा पाणी प्यायची. विचारलं, तर "काही नाही हो." आणि मग नवराबायको एकमेकांकडे बघत. पाणी नक्कीच कुठेतरी मुरत होतं. आज पेल्याच्या तळाशी उरलेलं थोडं गढूळ पाणी त्यांनी रिकाम्या बाटलीत ओतून घेतलं होतं.

त्यातलं थोडं त्यांनी आधीच आटवून ठेवलं होतं. तळाच्या पांढऱ्या पुडीवर आता आम्ल टाकलं. ती फसफसली. निघालेल्या वायूनं चुन्याची निवळी दुधाळ झाली. कार्बोनेट! प्लॅटिनमची तार त्यात बुडवून सरांनी बर्नरवर धरली.

ज्योत किरमिजी झाली.

स्ट्रॉन्शियमही तसंच जळतं, म्हणून त्यांनी सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकून पाहिले. साका नाही. लिथियम. बॅटरीत असतं ते. सरांचे कान तापले. त्यांनी बाटली खिशात घातली आणि तडक घर गाठलं.

दोघं जेवायला बसले होते. सरांनी बाटली ताटांच्या मधोमध आपटली.

"जावईबापू, माझ्या मुलीला लिथियम का पाजताय?"

जावयाच्या हातातला घास तसाच राहिला. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"तू थांब, मी सांगते," लेक म्हणाली. "औषध आहे ते, बाबा. मनाच्या आजाराचं. तीन वर्षं घेतेय. दर तीन महिन्यांनी डॉक्टर रक्त तपासतात. आता बरी आहे मी."

सर खुर्चीवर टेकले. मग त्यांना पुन्हा राग आला.

"मग हे चोरून कशाला? गोळी सरळ गिळायची!"

"एरवी गिळतेच. तुम्ही आलात, तेव्हापासून हा कुटून देतोय. गोळी तुमच्या नजरेला पडू नये म्हणून."

"मी काय परका आहे?"

लेकीनं ताट बाजूला सारलं.

"आईलाही याच गोळ्या होत्या. 'सगळी नाटकं आहेत' म्हणून तुम्ही नावही न वाचता त्या संडासात ओतल्यात, आणि महिन्याभरात आईनं जीव दिला. ओतताना मी तुम्हाला पाहिलं होतं, बाबा."