मन पाहिजे, मन

कान्हूचं तेरावं होऊन चार दिवस उलटले, तेव्हा कुठे गुणाजीच्यानं त्याच्या घरची पायरी चढवली. बरोबर बायको होती, शांती. ओटीवर कान्हूची बायको पुतळी सुपात तांदूळ निवडत बसली होती. नवरा गेला म्हणून पोट थोडंच थांबतं. तिनं हातानंच चटई दाखवली आणि पुन्हा सुपाकडे वळली.

गुणाजी म्हणजे पेण-रोह्याकडचा नावाजलेला माणूस. दारू सोडवणारा. स्वतः अकरा वर्षं थेंबाला शिवला नव्हता. दर गुरुवारी गडब गावातल्या देवळाच्या ओसरीत पिणाऱ्यांना गोळा करायचा आणि आपलीच गोष्ट सांगायचा. पुतण्याच्या हळदीत पहिला पेला पोटात गेला, अंगाची आग झाली, भडाभडा ओकलो, एकवीरा आईनं कानफटात दिली, त्या दिवशी सोडली ती सोडली. मग छातीवर थाप मारून म्हणायचा, "मन पाहिजे, मन." रोह्याला दोनदा शाल-श्रीफळ झालं होतं. कान्हू मिठागरावरचा गडी, गरीब स्वभावाचा. त्यानं तीनदा सोडली, तीनदा घसरला. तिसऱ्या वेळी गुणाजीनं त्याला सगळ्यांदेखत उठवला होता. म्हणाला होता, "ज्याच्यात दम नाय त्यानं इथं बसू नये." कान्हू गेला तो पुन्हा आला नाही. पीत राहिला आणि दीड महिन्यात संपला.

"पुतळी, मी त्या दिवशी जरा जास्तच बोललो," गुणाजी म्हणाला.

"नाय दादा, तुमी खरं तेच बोललात." पुतळीच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आमच्या यांना पण पटलं होतं. शेवटी शेवटी पाणी पोटात ठरत नव्हतं, तरी तेच बोलणं. गुणाजीदादांनी एका दिवसात सोडली, माझ्यातच खोट हाय. पोरीला पण तेच सांगून गेले. तुझा बाप कच्चा निघाला, म्हणून."

गुणाजीनं मान खाली घातली. त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण खोटं कशाला बोला, त्या वाइटात एक बारीकसा दिलासाही होता. बघा, बाई स्वतःच म्हणतेय. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "काय करणार. शेवटी मन पाहिजे..."

"पुरे करा," शांती म्हणाली.

चारचौघांत नवऱ्याचं बोलणं तिनं उभ्या जन्मात तोडलं नव्हतं. गुणाजी बघतच राहिला.

"मन नव्हतं ते. गोळी होती. पेणच्या एका डाक्टरकडनं आणलेली. मी कुटून तुमच्या सकाळच्या चहात घालत होते. वर दारू गेली की माणूस ओकून ओकून अर्धा होतो. डाक्टर बोललेले, सांगूनच द्या, नायतर जिवावर बेतेल. मी नाय सांगितलं. सांगितलं असतं तर तुमी कप भिरकावला असता."

"काय बोलतेस तू?"

"दोन वर्षं घातली. तुमी ड्यूटीवरनं परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. पुढची नऊ वर्षं तुमची हायेत, ती मी नाकारत नाय. पण हळदीनंतर पण दोनदा प्यायलात तुमी. एकदा सेकंड शिफ्टला जाताना, एकदा माझ्या भावाकडं. दोन्हीदा ओकलात. ते गुरुवारी सांगता का कधी?"

ते दोन दिवस सांगायचे गुणाजीनं केव्हाच सोडून दिले होते, स्वतःलासुद्धा. देवळात कान्हूला उठवला, तेव्हा बिचारा किती वेळ चपलाच शोधत होता. हसलं होतं कुणीतरी. गुणाजीनं त्या हसणाऱ्याला थांबवलं नव्हतं.

पुतळीचे हात सुपात थांबले होते. ती शांतीकडे बघत होती.

"वयनी, गेल्या शिमग्याला मी विचारलं होतं तुला. पदर पसरून विचारलं होतं. दादांची कशी सुटली, सांग गो."

"व्हय."

"तू बोललीस, मनानं."

"त्याच आठवड्यात यांना शाल मिळाली होती गो." शांतीला हुंदका आवरेना. "लोकं यांच्या पाया पडत होती. मी कुठल्या तोंडानं सांगू? वाटलं, यांचं नाव राहू दे. तुझं काय ना काय होईल."

गुणाजीनं हात जोडले. "पुतळी, येत्या गुरुवारी मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो..."

पुतळीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

"पेणला मिळते ती गोळी?" तिनं शांतीला विचारलं.

"व्हय. पेणलाच."

पुतळीनं तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"मी रोज सकाळी भाजी घेऊन पेणलाच जाते गो," ती म्हणाली.