हैदराबादच्या बंदुकीवरचा कर

विक्रीकर खात्याचा माणूस दुकानाची पायरी चढला, तेव्हा ईश्वरअप्पा तराजूला हळदकुंकू लावत होते. खंडेनवमी होती. पालमच्या त्यांच्या भुसार दुकानात मापं, विळे, कुऱ्हाड असं सगळं पाटावर मांडलेलं होतं. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकवून, कॅनव्हासच्या खोळीत बंदूक होती.

आपण सकाळच्या गाडीनं परभणीहून आलो, असं त्या माणसानं सांगितलं. ईश्वरअप्पांनी त्याला गादीवर बसवलं आणि आत चहा सांगितला. तोवर चाळायला द्यावं असं काही नव्हतं. परभणीचा पेपर आज आलाच नव्हता. नामांतराच्या मोर्चानं गंगाखेडजवळ पहाटेपासून रस्ता अडवून धरला होता.

"ती बंदूक हैदराबादची ना?" पाहुण्यानं विचारलं.

"हैदराबादचीच."

गावात हे सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांमागे बन्सीधरच्या आडतीवर दरोडा पडला, त्याच्या डोक्यात कुऱ्हाड बसली आणि मूग-उडदाच्या हंगामाचा सगळा पैसा गेला. त्यानंतर महिन्याभरानं ईश्वरअप्पा हैदराबादेहून ही लांब खोळ घेऊन एसटीतून उतरले होते. तेव्हापासून त्यांच्या दाराला कुणी हात लावला नव्हता. आत्ताही हंगामाची रक्कम आतल्या लोखंडी पेटीत होती.

पाहुण्यानं कायदा सांगितला. परराज्यातल्या दुकानदाराकडून हत्यार घेतलं की इथला विक्रीकर घेणाऱ्यानं भरायचा असतो. तो भरलेला नाही. दंडासकट तीनशे रुपये होतात. बोलताना त्याची नजर मागच्या दाराकडे, तिथून पेटीच्या खोलीकडे जात होती. मागं बोळ आहे का, दुकानात रात्री कोण झोपतं, हेही त्यानं सहज विचारलं. ईश्वरअप्पांनी सगळ्याची उत्तरं दिली.

"लायसन?"

"नूतनीकरणाला दिलंय साहेब."

"मग बंदूक दाखवा. नंबर उतरून घेतो."

पोती रचणारा भुजंग हमाल कोपऱ्यातून हसला. "साहेब, आमी दोन वर्सं वाट बघायलोय. आप्पांची नवरी घुंगट काढंना."

ईश्वरअप्पा हसले नाहीत. पूजेला मांडलेलं हत्यार उद्याच्या सीमोल्लंघनापर्यंत हलवत नाहीत, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. साहेबांच्या घरीही हीच रीत असेल. पाहुणा खोळीकडे बघत राहिला. वरून बोट लावू का, असं त्यानं विचारलं. ईश्वरअप्पांनी मान डोलावली. त्यानं खोळ वरच्या टोकाला दाबून पाहिली. आत लोखंड लागलं तसा त्यानं हात मागे घेतला.

मग ईश्वरअप्पांनी गल्ल्यातून तीनशे रुपये काढून त्याच्यापुढं ठेवले.

नीलम्मा चहा घेऊन दारातच थांबली. आपट्याच्या पानांच्या जुडीवरही घासाघीस करणारा तिचा नवरा एका शब्दानंही भाव करत नव्हता.

"पावती तेवढी द्या," ते म्हणाले. "बारा बोअरची बंदूक, चालू हालतीतली, असं लिवा."

पाहुण्याजवळ छापील पुस्तक नव्हतं. त्यानं साध्या कागदावर लिहून दिलं. ईश्वरअप्पांनी ते भुजंगला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं आणि पूजेच्या पाटावर ठेवलं. पाहुणा चहा न पिताच उतरला आणि एसटी स्टँड सोडून उलट्या दिशेनं, नदीच्या वाटेला लागला.

"त्यो सरकारी माणूस न्हवता," नीलम्मा म्हणाली. "नागप्पाभाऊंनी हैदराबादेहून पाण्याचं इंजिन आणलं, त्यांला कुणी कर मागितला? आन् गाडी आली न्हाई तर ह्यो आला कसा?"

"म्हाईत हाय."

"मग पैसे का दिले?"

"बंदूक चालू हाय म्हणून सांगू दे त्याला, ज्याला सांगायचं त्याला."

त्या रात्री नीलम्माचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन झालं, सोनं वाटून झालं, तरी तिच्या मनातलं काही जाईना. वड्यांसाठी उडीद कांडायचे होते, पण जिच्याकडून ती दोन वर्षं मुसळ मागून आणत होती ती शेजारची बायनाबाई घराला कुलूप लावून लेकीकडं पेडगावला गेली होती. नीलम्मा तशीच रिकाम्या हातानं दुकानात आली. दुकान बंद होतं, आत ईश्वरअप्पा एकटेच पाटावरची फुलं उचलत होते.

"ती बंदूक गोदावरीत टाका," ती म्हणाली. "आता तिच्यासाठीच येतेल ते दरोडेखोर. तुमच्यावरच धरतेल. बन्सीधरभाऊचं डोकं मी बगितलंय. तुमाला तर नीट धरता बी येत न्हाई. एकदा तरी उडवली का?"

ईश्वरअप्पांनी हातातली फुलं खाली ठेवली. मग त्यांनी उठून मागच्या दाराची कडी लावली, खिडकी ओढून घेतली आणि खोळ मांडीवर आडवी घेऊन नाडीची गाठ सोडली. आतून नीलम्माच्या सासूबाईंचं, दोन वर्षांमागे हरवलेलं मुसळ निघालं, टोकाच्या लोखंडी कड्यासकट.

त्यांनी ते नीलम्माच्या हातात दिलं.

"कांडून झालं की पुसून आण," ते म्हणाले.