मऊ शंख

अल्फियस मॉक्सीने बादली टपरीच्या फळीवर ठेवली आणि म्हणाला, "आज शंख सोलूनच आणलेत. तुझा त्रास वाचला."

व्हर्निटाने कांदा चिरता चिरता बापाकडे पाहिलं. सत्तरी ओलांडली तरी बहामाच्या या टोकाच्या बेटावर त्याच्याएवढं खोल कुणी बुडी मारत नाही, असं अजून सगळे म्हणत. आजवर त्याने शंख आणला तो जिवंत, कवचासकट. फोडून आतलं मांस काढायचं ते इथे, गिऱ्हाइकांसमोर. तिला एका शंखाला तीन घाव लागत. तो आला की एका घावात मोकळा करायचा आणि वर मिशीत हसायचा.

"आणि कवचं?"

"टाकली वाटेत."

"वाटेत? पाण्यात?"

मेलेली कवचं पाण्यात दिसली की जिवंत शंख ती जागा सोडून जातात, म्हणून याच माणसाने भर धक्क्यावर दुसऱ्यांना शिव्या घातल्या होत्या. टपरीमागचा गुलाबी कवचांचा ढीग, तिच्या डोक्याच्याही वर गेलेला, त्यानेच रचलेला.

"बोट जड झाली होती," अल्फियस म्हणाला आणि गुंडाळलेला दोर पुन्हा गुंडाळायला लागला.

रांगेत पाच माणसं होती. पुढे पिंडरकाका. त्यांचंही आयुष्य बोटीवर गेलेलं; आता तोंडात कवळी. व्हर्निटाने एक तुकडा बारीक चिरला, लिंबू पिळलं, मिरची टाकली आणि चवीला त्यांच्यापुढे केला.

"वा! काय मऊ आहे गं आज! कवळी घरी ठेवली असती तरी..." पिंडरकाका बोलता बोलता थांबले. मग खाली बघून नुसते चावत राहिले.

व्हर्निटाने बादलीत हात घातला. मांस लहान होतं, पांढरंफटक. तळाशी कवचाची एक कपची हाताला लागली. काठाची, नखासारखी पातळ.

ती सहा वर्षांची असताना याच बापाने तिचा अंगठा एका शंखाच्या कवचाच्या पसरट काठावर, त्याच्या ओठावर, दाबून धरला होता. "ओठ पसरून जाड झाला की तो मोठा. तोवर ते पोर. पोराला हात लावायचा नाही." मोठे शंख आता खूप खोल गेलेत. पोरं मात्र कमरेएवढ्या पाण्यातही मिळतात.

तिला राग आला. मग कीव आली, आणि बापाची कीव आली म्हणून पुन्हा राग आला. तिने बादलीवर झाकण ठेवलं.

"आज शंख नाहीत," ती मोठ्याने म्हणाली. "दर्या खवळलाय. बाबाने बोट काढलीच नाही."

पाचही जणांनी दर्याकडे पाहिलं. ताटात ओतल्यासारखा सपाट. पाण्यावर एक पाणकोळी बसला होता, तोसुद्धा हलत नव्हता.

पिंडरकाकांनी घास गिळला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. "खवळलाय खरा. मीपण नाही गेलो आज." अकरा वर्षांत ते गेले नव्हते.

"अशा हवेत जाऊच नये कुणी," मागची बाई म्हणाली. रांग हळूहळू मोडली.

अल्फियस उलट्या पेटीवर बसला. दोर अजून हातातच होता.

"उद्यापण दर्या असाच राहील का गं?"

"आता असाच राहणार, बाबा." तिने बादलीचं झाकण दाबून बसवलं. "धक्क्यावरच्या त्या लीअँडरची बोट मोठी आहे, तिला चालतो खवळलेला. तो आणून टाकेल शंख. मला फोडायला माणूस हवाय."

तिने हातोडी त्याच्या पुढ्यात ठेवली. तो अंगठ्याने दांडा चाचपत म्हणाला, "तुला अजून तीन घाव लागतात?"

"चार," ती म्हणाली.