करडीवरून जाताना

बायाबाईंनी ताटात तिसऱ्यांदा भात वाढला तेव्हा कॅप्टन अनुपनं दोन्ही हात आडवे धरले. सत्तर माणसांचं विमान भर वादळातून खाली उतरवणाऱ्या माणसाचं या अंगणात काही चाललं नाही. झिंग्यांचा रस्सा भातावर पडलाच.

"खा जी. माह्या पोराच्या कंपनीतले सायेब पहिल्यांदाच घरी आले."

अनुप मान खाली घालून जेवत राहिला. जे सांगायचं होतं ते दारातच सांगून टाकायला हवं होतं.

गोष्ट तशी छोटी होती. बायाबाईंचा मुलगा हेमराज अनुपच्या शेजारी बसून नागपूर-गोंदिया विमान चालवायचा. संध्याकाळी करडीच्या तलावावरून जाताना तो विमानाचे दिवे क्षणभर मालवून पुन्हा लावायचा. खाली तलावाच्या पाळीवरून आई टॉर्च हलवायची. पोरगा सुखरूप आहे एवढं कळलं की तिला झोप लागायची. दोन वर्षांपूर्वी हेमराजला बंगळुरूच्या मोठ्या कंपनीत जेट मिळालं, पण आईला सांगायचा त्याला धीर झाला नाही.

"तेवढे दिवे दाखवत जा सर. तिले वाटंन, मीच आहो," असं म्हणून तो गेला. अनुपनं 'बरं' म्हटलं आणि तेव्हापासून दिवे दाखवत आला.

आता तशाच एका कंपनीनं अनुपलाही बोलावलं होतं. मोठं विमान, परदेशी फेऱ्या. उत्तर आजच हवं होतं. जुन्या कंपनीच्या वरिष्ठांनी त्याला थांबवायला फार काही आमिष दाखवलं नव्हतं. "पुढच्या वर्षी नव्या पोरांना तू शिकवशील. आणि रोज रात्री आपल्या घरी झोपशील," एवढंच ते म्हणाले होते. पण अनुपला जेटनं पार झपाटलं होतं. तो जाणारच होता. फक्त अचानक दिवे बंद झाले तर म्हातारी जिवाला घोर लावून घेईल, म्हणून खरं काय ते सांगायला तो आज रजा टाकून आला होता.

हात धुऊन तो बाजेवर बसला. समोर तलाव होता. लांब डोंग्यात उभा राहून कुणीतरी जाळं फेकत होतं.

"कवडू हाये तो," बायाबाई म्हणाल्या.

"इतक्या दुरून चेहरा दिसतो तुम्हाला?"

"तोंड कायचं दिसते जी! हात समजते. आमा ढिवरायचं असंच. एकाचा हात दुसऱ्यासारका नसते."

अनुपनं घसा साफ केला. "मावशी, हेमराजबद्दल जरा बोलायचं होतं."

"मलेच तुमाले बोलाचं हाये. लय उपकार हायेत तुमचे." बायाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "माहा घरधनी याच तलावात गेला. तवापासून दिवस बुडाला का जीव घाबरते. मंग वरतून दिवा दिसते न वाटते, कोनीतरी आपली आठवन ठेवून हाये. जो दाखवते त्याले लंबी उमर मिळो."

दोन वर्षं खालचा तो टॉर्चचा उजेड अनुपनं दुसऱ्याची ठेव म्हणून पाहिला होता. तरी तो दिसला की त्यालाही बरं वाटायचं, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. घरी त्याची लेक रिंकू बाबाची वाट पाहत जेवायची थांबते, हेही आठवलं. परदेशी फेऱ्यांवर कुणाची वाट कोण पाहणार?

त्यानं मोबाइल काढला. 'आभारी आहे, पण मी येऊ शकत नाही,' असं मोठ्या कंपनीला लिहून पाठवलं आणि मोबाइल खिशात टाकला. त्याला एकदम हलकं वाटलं. म्हातारीला आता काही सांगायची गरज नव्हती. उद्यापासून पुन्हा दिवे.

अंधारून आलं. तुमसरच्या बाजूनं विमानाचा आवाज येऊ लागला. टॉर्च खुंटीला लटकत होता. बायाबाई भांडी घासत बसल्या होत्या. त्या उठल्याच नाहीत.

विमान तलावावरून सरळ निघून गेलं. दिवे एकदाही मालवले नाहीत. चालवणारा दुसरा होता, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! अनुप बाजेवरून ताडकन उठला.

"मावशी, हेमराज आज रजेवर असेल," तो घाईघाईनं म्हणाला. "म्हणून दिवे लुकलुकले नाहीत."

बायाबाईंनी त्याचं ताट विसळून भिंतीला टेकवलं आणि त्याच्याकडे पाहून मायेनं हसल्या.

"कसे लुकलुकतीन जी? दोन वर्सांपासून दिवा दाखवनारा हात तर आत्ता माह्या ताटात जेवला."