चार मैल, चौसष्ट मिनिटं

“चाळीस मिनिटं आधी सोडतो तुला,” रंगराव म्हणाला. “तू पायी, मी सायकलवर. पळायचं नाही. कारखान्याच्या फाटकाला माझ्या आधी हात लावलास, तर फॉर्मवर सही करीन. नाहीतर मॅट्रिकचं नाव काढायचं नाही.”

त्याची बायको, इंद्रायणी, गणितात दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा अशाच उदाहरणांनी घात केला होता. अमका इतक्या वाजता निघाला, तमका मागून आला, गाठ कुठे पडेल? रंगरावला ते ठाऊक होतं, म्हणूनच तो हसत होता.

इंद्रायणी भांडली नाही. चुलीपुढं बसून तिनं पाटी मांडीवर घेतली. निगडीपासून पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यापर्यंत चार मैल. हा रोज ताशी नऊ मैलांनी जातो. आज इरेला पेटलाय, दहा धरू. म्हणजे त्याला लागणार चोवीस मिनिटं. त्यात आपली चाळीस मिळवली की चौसष्ट. आपली चाल क्ष. तिनं समीकरण मांडलं, सोडवलं, पुन्हा ताडून पाहिलं. क्ष बरोबर पावणेचार. मैलाला सोळा मिनिटं. एवढ्यानं दोघं एकदम पोचणार. जिंकायचं तर थोडं जास्त हवं.

तिची रोजची चाल तीनची होती.

गजराचं घड्याळ आणि फॉर्म पिशवीत टाकून, पदर खोचून ती निघाली.

मुंबई रस्त्याला मैलाचे दगड होते, तेवढं बरं. पहिला मैल पंधरा मिनिटांत संपला. दुसऱ्या दगडाशी एकतीस झाली. मग चपलेचा अंगठा तुटला. तो बांधत बसण्यात अर्थ नव्हता. चपला पिशवीत गेल्या आणि ती खडीवरून अनवाणी चालू लागली. तिसऱ्या दगडाशी घड्याळात एकोणपन्नास. एक मिनिट अंगावर आलं होतं. राहिलेला मैल आता पंधराच्या आत.

“इंद्रे, बस की गाडीत!” बाजाराला निघालेल्या सारजाबाईनं बैलगाडीतून हाक मारली. “पाय बघ कसं झाल्यात!”

“नको मावशी. तुमची गाडी अडीचची. मला चारच्या वर पायजे.”

“चारच्या वर काय गं?”

पण ती पुढं गेली होती.

फाटक दिसू लागलं तेव्हा मागं घंटी वाजली. एकदा, मग सारखी. ओठ घट्ट मिटून तिनं नजर फाटकाच्या लोखंडी गजांवर ठेवली. सायकलच्या साखळीची खडखड कानाशी आली, आणि तिचा तळवा गजावर आपटला.

पुढचं चाक तिच्या पदराला लागून थांबलं.

रंगरावला बोलायला दम नव्हता. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या पायांकडं, खडीनं सोललेल्या टाचांकडं. हात पुढं केला. तिनं फॉर्म दिला. पहारेकऱ्याचं पेन मागून घेऊन, कागद सायकलच्या सीटवर ठेवून त्यानं सावकाश सही केली.

इंद्रायणीनं फॉर्म घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत त्याच्यापुढं धरला.

“तारीख राहिली,” ती म्हणाली.