हात खाली येईपर्यंत

माझ्या नव्या रचनेत शेवटच्या स्वराआधी एक लांब थांबा आहे. विद्यार्थी तिथे हटकून घाई करायचे.

"सर, नक्की किती वेळ थांबायचं?" व्हायोलिनवालीनं विचारलं.

"मी हात खाली घेईपर्यंत. तोवर पापणीसुद्धा हलवायची नाही!" मी खेकसलो.

थांबा आला. मी हात वर धरला. पहिल्यांदाच सगळे चिडीचूप. मी मनातून सुखावलो.

मग लक्षात आलं, पंखाही थांबलाय. खिडकीबाहेरचा सायकलवाला पुढे जात नव्हता, पडतही नव्हता.

पुरे झालं म्हणून मी हात खाली घ्यायला गेलो. हात हलेना. पापणीही हलेना.

समोर पियानोचं काळं झाकण आरशासारखं चकचकत होतं. त्यात मी दिसत होतो. आणि माझ्या पाठीमागे, तसाच वर धरलेला आणखी एक हात.